कॅप्टन हॉस्किंग यांचे चार दशांश

२ जून १८८४, सोमवार

सकाळी उत्तरेच्या डार्विन बंदराकडून उतरलेली तार कॅप्टन हॉस्किंग यांच्या नावची होती. मूळ जर्मनीतून, लंडनमार्गे. मी ती घेतली, लिहिली, नियमाप्रमाणे ताडून पाहिली. मजकूर असा : "वडील शनिवारी गेले. पत्रे वाटेत आहेत. हेडविग ल्यूडर्स."

पोस्टमास्तर ओपी यांनी माझ्या खांद्यावरून वाचले. ते रविवारी चॅपलमध्ये प्रवचन करतात, आणि बाकीच्या सहा दिवशीही त्यांना आवरता येत नाही. "बघ टॅमसिन," ते म्हणाले, "तारा विझून गेलेला असतो, आणि त्याचा प्रकाश मात्र आपल्याकडे येतच राहतो."

"दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी विझलेला असा एकही मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं!"

आमच्या ऑफिसात तार घेणारी मी आणि पोचवणारीही मीच. टेकडीवर गेले. बंद इंजिनघराच्या शेजारी कॅप्टनांची पत्र्याची वेधशाळा आहे. खाणीच्या प्रमुखाला इथे कॅप्टन म्हणतात; खाण बंद होऊन सात वर्षे झाली, तरी यालुंगा गावाला ते अजून कॅप्टनच आहेत. मला ते 'कर्नो' म्हणतात, माझ्या वडिलांना म्हणत तसेच.

"वाच," ते म्हणाले. हल्ली त्यांचे सगळे मीच वाचते. वाचले.

"पुन्हा."

पुन्हा वाचले. ते म्हणाले, "शनिवारी म्हणजे त्यांच्या शनिवारी की आपल्या?"

"त्यांच्या."

"संध्याकाळ असेल तर इथं रविवार लागला होता." त्यांनी तोंड घड्याळाकडे वळवले. "किती पत्रं असतील वाटेत?"

टपालाची बोट पंधरवड्याने एक. तिकडून इथवर सुमारे सहा आठवडे. "तीन," मी म्हणाले.

"तीन. म्हणजे अजून तीनदा बोलायचंय त्याला."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बहिणीचा, मिसेस नॅन्किव्हेलचा आवाज आला. "कोण गेलं रे जोसाया?"

"ल्यूडर्स."

भांडे ठेवल्याचा आवाज. "आणि मी मोजे विणतेय त्या माणसाचे! अठ्ठावीस नाताळ मोजे पाठवले, मेल्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी."

"मी तरी कुठं बघितलंय," कॅप्टन म्हणाले.

४ जून, बुधवार

आकाश स्वच्छ. काळोख पडता पडता एक वेध मिळाला.

काम सोपे आहे. चंद्र पुढे सरकताना वाटेतले तारे झाकत जातो. तारा त्याच्या काळ्या कडेपाशी येतो आणि एकदम नाहीसा होतो. दुर्बिणीला डोळा लावून, लोलकाच्या घड्याळाचे ठोके कानाने मोजत, तो कोणत्या ठोक्याला गेला आणि ठोक्याच्या कितव्या दशांशाला, एवढेच सांगायचे. कॅप्टनांनी हे काम अठ्ठावीस वर्षे केले. आकडे टपालाने जर्मनीत जात, डॉ. ल्यूडर्स त्यांवरून चंद्राची चाल ताडून पाहत. दोघांनी मिळून वेधांची जी माळ ओवली आहे तेवढी लांब दक्षिण गोलार्धात दुसरी नाही, असे कॅप्टन म्हणतात. मी ते तपासलेले नाही.

प्रत्येक माणसाचा म्हणून एक उशीर असतो. डोळ्याने पाहिले आणि मनाने नोंदले यांत थोडा वेळ जातो. तो कुणाचा किती, हे ठरलेले असते आणि सहसा बदलत नाही. कॅप्टनांचा चार दशांश सेकंद. डॉ. ल्यूडर्स तो वजा करीत आणि त्यावरून थट्टा करीत.

फेब्रुवारीपासून कॅप्टनांचे डोळे थकले आहेत. मार्चपासून दुर्बिणीला डोळा मी लावते. ते घड्याळाजवळ बसतात आणि दर दहाव्या ठोक्याला मोठ्याने आकडा म्हणतात. त्याची गरज नाही, पण मी तसे सांगितलेले नाही. वेधांचा तक्ता त्यांच्याच नावाने जातो, कारण त्यावर वर छापलेले नाव त्यांचे आहे. तो माझा प्रश्न नाही.

निघताना त्यांना आजच्या चंद्राच्या कडेचे माझे चित्र दाखवले. "छान उतरलंय," म्हणाले. कागद उलटा धरला होता. मन ल्यूडर्सकडे असणार.

९ जून, सोमवार

पहिले पत्र आले. पाकिटावरचे अक्षर नेहमीचेच, तिरके, घाईचे. ऑफिसात थैली उघडताना ते हाती लागले तेव्हा ओपींनी टोपी काढली. मी त्यावर आमचा शिक्का मारला.

संध्याकाळी वाचून दाखवले. हवेबद्दल बरेच. मग हे : "माझ्या मित्रा, मार्चपासून तुम्ही चार दशांशांनी तरुण झालात. वजा करायला काही उरतच नाही! कोणत्या डॉक्टरने ही किमया केली? त्याला माझ्या गुडघ्यांचा पत्ता द्या."

कॅप्टन हसले. हसता हसता थांबले. "लबाड," म्हणाले. "सहा हजार कोसांवरून ऐकतो लेकाचा."

"त्यांना कळवायचं होतं," मी म्हणाले, आणि पुढे कोणता काळ वापरावा हे न कळल्याने थांबले.

"कळवणार होतो. पुढच्या टपालाने, पुढच्या टपालाने करत राहिलो."

"का?"

"तुला खाणीचा शेवटचा दिवस आठवतो?"

आठवतो. मी सोळा वर्षांची होते. माझे वडील पंपाच्या इंजिनावर होते. ते इंजिन मी जन्मल्यापासून चालू होते. मिनिटाला सहा ठोके, रात्रंदिवस. आम्ही मुले त्यावर मोजायला शिकलो. त्या दिवशी दुपारी वडिलांनी वाफ बंद केली आणि गावातली कुत्री भुंकू लागली. रात्री कुणालाच झोप आली नाही. लोक कारण नसताना अंगणात येऊन उभे राहिले होते. हे सगळे मी कॅप्टनांना सांगितले नाही. नुसते "हो" म्हणाले.

"तसं आणखी एकदा ऐकायचं नव्हतं," ते म्हणाले.

२३ जून, सोमवार

दुसरे पत्र. यात थट्टा नाही.

"मी सगळी आकडेमोड पुन्हा केली. चूक माझी नाही. एक तर तुमचे घड्याळ बदलले आहे किंवा कान. घड्याळाचा हिशेब दर आठवड्याला ॲडलेडच्या वेळेशी जुळतो, तेव्हा घड्याळ नव्हे. हॉस्किंग, तुमच्या दुर्बिणीपाशी कोण आहे? मी रागावलेलो नाही. पण माळ छापायची आहे, आणि मार्चनंतरचे मणी कोणाचे हे कळल्याशिवाय मी ते ओवू शकत नाही."

मिसेस नॅन्किव्हेल दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "घ्या!" त्या म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय, लिही त्याला, लिही त्याला. पण आमचे कॅप्टन! माणूस मरेपर्यंत वाट बघितली."

"कझिया, तुझा केशराचा केक करपतोय."

"करपू दे. केशर माझंय."

मी विचारले, आता उत्तर कुणाला द्यायचे. कॅप्टन म्हणाले, तिसरे पत्र येऊ दे. मध्येच तोंड घालणे बरे नव्हे.

मला हे नीट वाटले नाही. बातमी त्यांना पूर्ण कळलेली आहे; तरी ते अजून माणूस बोलतो आहे असे वागतात. वयाचा परिणाम असू शकेल. लक्ष ठेवले पाहिजे.

३० जून, सोमवार

दोन वेध. दोन्ही चांगले.

आधी जेवण झाले. मिसेस नॅन्किव्हेलनी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी केल्या होत्या. खाणवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या प्रत्येकाच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर त्याची अक्षरे कोरतात. आज माझ्याही पेस्टीवर माझी अक्षरे होती. अदलाबदल होऊ नये म्हणून असेल. कॅप्टननी बोटाने चाचपून आपली उचलली. जमिनीखाली अंधारात जेवण्याची सवय अशी जात नाही.

ते आज खूप बोलले. पहिले पत्र १८५६ सालचे. एका धूमकेतूचे वेध त्यांनी ॲडलेडच्या वर्तमानपत्रात छापले होते. ते कसे कोण जाणे फिरत फिरत जर्मनीत पोचले. त्या वेळी पत्राला तीन महिने लागत, कधी चार. बंदरापासून इथवर बैलगाडी. "गाडीवान वाटेत दारू प्यायला थांबायचा. ल्यूडर्सने विचारलं, तुमचं टपाल इतकं अनियमित का. मी लिहिलं, वाटेत तीन खानावळी आहेत. त्यानं उत्तरात त्या खानावळींचे अक्षांश-रेखांश मागवले."

"तुम्ही पाठवलेत?"

"मग? मोजून पाठवले."

त्यांची बायको गेली तेव्हाचे सांत्वनाचे पत्र तिला जाऊन वर्ष होता होता पोचले. "बरं झालं," म्हणाले. "बाकीचे सगळे बोलून संपले होते तेव्हा."

मी टपाल खात्यात आहे. उशिराची अशी बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

७ जुलै, सोमवार

तिसरे पत्र. अक्षर बदललेले, मोठे झालेले. मी नेहमीच्याच वेगाने वाचले.

"प्रिय हॉस्किंग, तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण माझे हृदय घाईत आहे. तिथे दुसरे कोणी असेल तर त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. कान उत्तम आहे. आता ऐका. दोन निरीक्षकांची माळ जोडता येते, पण एकाच रीतीने : दोघांनी एकच गोष्ट नाहीशी होताना पाहायची, अनेकदा, आणि दोघांच्या उशिरांतला फरक काढायचा. तो फरक मोजला की अठ्ठावीस वर्षे आणि पुढचे सारे एकसलग होईल. नाही मोजला तर तुमचे काम फेब्रुवारीत तुटते, आणि त्या माणसाचे काम अनोळखी म्हणून बाजूला पडते. माझे मदतनीस ब्रांट यांच्याकडे सगळे कागद दिले आहेत. ते वर्षअखेरपर्यंत थांबतील. लवकर करा."

कॅप्टन म्हणाले, "ऐकलंस?"

"तुम्हाला तारा दिसेल?"

"तारा नाही दिसायचा. बारीक असतो." मग म्हणाले, "मोठा दिवा असला तर दिसेल."

मिसेस नॅन्किव्हेल म्हणाल्या, "जोसाया." एवढेच. मग आत गेल्या.

दिवा चालेल. किंबहुना दिवा जास्त चांगला; तो नेमका केव्हा झाकला गेला हे यंत्रावर पकडता येते. रचना मला सुचली आहे. 'त्या माणसाला नमस्कार' याबद्दल मला विशेष काही वाटले नाही. कान उत्तम आहे हे मात्र त्यांनी आकड्यांवरून ठरवले होते, म्हणजे ते विधान ग्राह्य आहे.

१२ जुलै, शनिवार

रचना अशी. वेधशाळेसमोर कुरण, पलीकडे सुरुंगाच्या दारूची जुनी कोठी, जाड दगडी भिंतींची. एकचाकी हातगाडीवर मोठा कंदील. गाडी कोठीच्या दिशेने ढकलत न्यायची. कंदील भिंतीच्या कडेआड गेला की गाडी तिथे ताणलेल्या तारेला लागते, आणि माझ्याजवळच्या तारयंत्राच्या कागदी फितीवर खूण उमटते. फितीचे यंत्र ऑफिसने मोडीत काढलेले, कॅप्टननी घेऊन ठेवलेले. कॅप्टन छोट्या दुर्बिणीतून कंदील पाहतात आणि तो नाहीसा झाला की कळ दाबतात. त्याच फितीवर दुसरी खूण. दोन खुणांमधले अंतर म्हणजे त्यांचा उशीर. मग हेच सगळे माझ्यासाठी.

गाडी ढकलायला मिसेस नॅन्किव्हेल. सूर्य मावळल्यावर सुरुवात केली.

"साठी उलटली माझी," त्या कुरणातून ओरडल्या, "आणि कंदील फिरवतेय वेड्यासारखी! कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, नॅन्किव्हेल बाई नवरा शोधतायत," कॅप्टन ओरडले.

"शोधेन तर उजेडात शोधेन! अंधारात एकदा शोधला तेव्हाच फसले!"

कॅप्टन इतके हसले की पहिली खूण फुकट गेली. पुढच्या सगळ्या उत्तम आल्या. गाडीचे चाक फार कुरकुरते. मला ठोके मोजताना त्रास झाला.

१३ जुलै, रविवार

चॅपलनंतर फीत मोजली. कॅप्टनांचा उशीर : चार दशांश. जवळजवळ प्रत्येक वेळी चार दशांश. म्हातारपणी डोळे थकले असूनही इतका स्थिर आकडा. डॉ. ल्यूडर्स अठ्ठावीस वर्षे जो वजा करीत होते तोच.

टेकडीवर धावत गेले, असे लिहिणे अतिशयोक्ती होईल. नेहमीपेक्षा लवकर पोचले.

"चार," मी सांगितले.

कॅप्टननी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "चार? खरंच चार?"

"फीत दाखवू?"

"नको. तू म्हणतेस म्हणजे झालं." त्यांचा चेहरा आनंदापेक्षा भ्यायल्यासारखा दिसला. अनपेक्षित यश आले की माणसांचे असे होते. ब्रांटना आकडे पाठवण्यापूर्वी आणखी एक संध्याकाळ घ्यावी, असे मी सुचवले. एका दिवसाच्या मोजणीवर माळ जोडू नये.

"पुरे आहे की एवढं," ते म्हणाले.

"आणखी एक."

मिसेस नॅन्किव्हेलनी केकचा मोठा तुकडा कागदात बांधून दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "घे ग पोरी. तू फार नेमकी आहेस." ते कौतुकासारखे ऐकू आले नाही.

१९ जुलै, शनिवार

जे झाले ते क्रमाने लिहिते.

दुपारी, ऑफिस सुटल्यावर, मी हातगाडीचे चाक काढले, आस पुसला, तेल घातले. कुरकुर पूर्ण थांबली. कॅप्टन तेव्हा आत झोपलेले होते. सांगण्याजोगे काही आहे असे मला वाटले नाही.

सूर्य मावळल्यावर सुरुवात केली. वारा पडलेला, गवत ओले. मिसेस नॅन्किव्हेल कंदील घेऊन निघाल्या. मी फितीपाशी. कॅप्टन दुर्बिणीपाशी, बोट कळीवर. कंदील कुरण ओलांडून भिंतीपाशी गेला, आड झाला. फितीवर तारेची खूण उमटली.

कॅप्टननी कळ दाबली नाही.

निसटले असेल म्हणून मी गप्प राहिले. मिसेस नॅन्किव्हेल परत फिरल्या, पुन्हा गेल्या. कंदील पुन्हा आड झाला. पुन्हा एकच खूण. कॅप्टन वाकून, डोळा दुर्बिणीला लावून, अगदी सावध बसले होते.

मग त्यांनी हाक मारली. "कझिया! चाक का थांबवलंस? चल की."

मिसेस नॅन्किव्हेल तेव्हा कंदिलासकट आमच्या समोर, कुरणाच्या मध्यावर होत्या. उजेड त्यांच्या तोंडावर होता. त्या जागीच थांबल्या आणि गाडी खाली ठेवली.

मी म्हणाले, "चाकाला मी तेल घातलं."

कॅप्टननी डोळा दुर्बिणीवरून काढला नाही. बोटही कळीवरून काढले नाही. मग म्हणाले, "असं होय."

कोठीपासून कुरणाच्या या टोकापर्यंत आवाजाला यायला तीन दशांश सेकंद लागतात. उरलेला एक त्यांच्या हाताचा. चाक भिंतीआड गेले की कुरकुर दबते. ते त्याची वाट पाहत होते. गेल्या शनिवारी मी त्यांचा डोळा मोजला नाही. मी कुरणाची लांबी मोजली.

२० जुलै, रविवार

चॅपलला गेले नाही.

२१ जुलै, सोमवार

संध्याकाळी गेले. जावे की नाही याचा विचार केला होता. न जाण्याचे कारण सापडले नाही.

मिसेस नॅन्किव्हेल दारातच होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिली फीत आहे ना तुझ्याकडे? चारची?"

"आहे."

"मग तीच पाठव. त्या ब्रांटला काय कळतंय? चार म्हणजे चार. खोटं कुठं आहे त्यात? अठ्ठावीस वर्षं चारच होते त्याचे."

आतून कॅप्टन म्हणाले, "कुजबुजू नका. कान शाबूत आहेत माझे."

मी आत गेले. ते घड्याळाजवळ होते. मी म्हणाले, "फेब्रुवारीपासून काहीच दिसत नाही?"

"फेब्रुवारीत शेवटचं पाहिलं ते चंद्र होता की ढग, तेच सांगता येईना. तेव्हा कळलं."

"मला सांगायचं होतं."

"तू आली नसतीस मग. आंधळ्याच्या वेधशाळेत कोण येतं?"

याला उत्तर होते, पण ते मी दिले नाही. म्हणाले, "पहिली फीत पाठवता येणार नाही."

"कझिया म्हणते ते काही अगदीच चूक नाही. आकडा माझाच आहे. मनातून मला माहीत आहे."

"त्या फितीवर तुमचा डोळा नाही. कान आहे."

"कान माझाच आहे."

"तारा आवाज करत नाही, कॅप्टन."

बाहेर मिसेस नॅन्किव्हेल "अग बाई ग" म्हणाल्या. मला वाटले, आता मला जायला सांगतील. हातमोजे टेबलावर होते, ते मी उचलले.

कॅप्टन म्हणाले, "तुझा बापही असाच होता. पंपाचा एक ठोका इकडचा तिकडे झाला तर मला झोपेतून उठवायचा. मी शिव्या घालायचो. पण खाणीत पाणी कधी चढलं नाही." मग, "हातमोजे ठेव खाली. दौत घे. दोन पत्रं लिहायची आहेत."

पहिले ब्रांटना, छोटे. कॅप्टन हॉस्किंग यांची माळ फेब्रुवारीत संपली. मार्चपासूनचे वेध मिस टी. कर्नो यांचे. दोन्ही जोडता येत नाहीत, जोडू नयेत. मिस कर्नो यांची स्वतंत्र माळ म्हणून नोंद करावी. मी म्हणाले, "माझे वेध पाचच महिन्यांचे आहेत. तेवढ्याला माळ म्हणत नाहीत."

"माझे पहिले पाच महिने होते तेव्हा ल्यूडर्सनं त्याला माळ म्हटलं होतं. लिही."

दुसरे पत्र डॉ. ल्यूडर्स यांना. मी लेखणी टेकवून थांबले. ते म्हणाले, "तीन पत्रं आली. उत्तर द्यायला नको?"

मजकूर उतरवून ठेवते :

"प्रिय ल्यूडर्स, तुमच्या तिन्ही पत्रांना हे उत्तर. तुमची आकडेमोड बरोबर आहे. मला कोणी डॉक्टर भेटलेला नाही. मी आंधळा झालो आहे. मार्चपासून दुर्बिणीला डोळा लावते ती इंजिनवाल्या कर्नोची मुलगी. तिच्या बापाबद्दल मी तुम्हाला पूर्वी लिहिले होते. तुमचा नमस्कार तिला पोचला. तुम्ही सांगितलेला जोड करून पाहिला, तो झाला नाही. का नाही झाला हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा नीट समजावून देईल. माझे काम संपले. तुम्हाला हे फेब्रुवारीतच कळवायला हवे होते. उशीर करण्याची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी चार दशांशांपेक्षा थोडा जास्त झाला. कझियाचे मोजे वेगळे पाठवतो. तुमचा, जे. हॉस्किंग."

शाई पातळ होती. दोनदा थांबावे लागले.

पत्ता विचारला. मी समजून होते की हेडविग ल्यूडर्स यांच्या नावे पाठवायचे.

"नाही," कॅप्टन म्हणाले. "नेहमीचाच. त्याच्या नावावर."

"मग तिथलं टपाल ते परत पाठवेल. मुलीलाही देणार नाहीत कदाचित."

"परत यायला किती दिवस?"

"जायला सहा आठवडे, यायला सहा. शिवाय तिथे पडून राहील ते वेगळं. ऑक्टोबर उजाडेल."

"मग झालं तर," ते म्हणाले.

मी नेहमीचा पत्ता घातला.

२४ जुलै, गुरुवार

आज युरोपचे टपाल बंद करायचा दिवस. ओपींनी थैलीत टाकताना पाकीट उलटसुलट केले.

"टॅमसिन, हा माणूस वारला ना? तार तूच घेतलीस."

"हो."

"मग हे कशाला?"

"टपालाला तार येत नाही," मी म्हणाले. "तिकीट पुरेसं आहे. पत्ता पूर्ण आहे. न घेण्याचा नियम दाखवा."

ओपींनी माझ्याकडे पाहिले. काहीतरी सुविचार येणार असे वाटले, पण आला नाही. त्यांनी शिक्का मारला, जरा हळू, आणि पाकीट थैलीत वरच्या बाजूला ठेवले.

२९ जुलै, मंगळवार

अर्धा चंद्र, आकाश धुतल्यासारखे. मिसेस नॅन्किव्हेलनी वेधशाळेत तिसरी खुर्ची आणून टाकली आणि विणायला बसल्या. मोजेच. कुणाचे ते मी विचारले नाही.

कॅप्टन घड्याळाजवळ. दर दहाव्या ठोक्याला त्यांनी आकडा म्हटला. तारा काळ्या कडेला आला, किंचितही न थरथरता राहिला, आणि गेला.

"गेला," मी म्हणाले.

"कितव्याला?"

सांगितले. तक्त्यावर लिहिले. तक्ता नवा आहे. वर नाव छापलेले नाही, हाताने घातले आहे.

"पत्र आज कुठं असेल ग?"

मी मनात हिशेब केला. "ऑल्बनी सोडलं असेल. पुढे कोलंबोपर्यंत नुसता समुद्र."

"हवा बरी असेल?"

"या दिवसांत वारा असतो."

"म्हणजे डॉक्टरसाहेबांना अजून काही कळलेलं नाही माझं."

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

ते मागे टेकून बसले. मिसेस नॅन्किव्हेलच्या सुया चालू होत्या. चंद्राच्या वाटेवर आणखी एक तारा होता, त्याला वेळ होता. मी दुर्बीण त्याच्यावर लावली आणि वाट पाहू लागले.